शेऱ्याचा रकाना

त्या वर्षी बेळगावच्या कॅम्पात पाच पेट्या उतरल्या.
नावांवर काळी चिकटपट्टी.
कुठल्या देशाची, कुठल्या कारखान्याची, विचारायचं नाही.
अ, ब, क, ड,
आणि पाचवीला नुसता आकडा.

मी आर्मरर, हवालदार, कणबर्गीच्या लोहाराचा.
बापानं जन्मभर नांगराचे फाळ पाजवले.
पट्टीखालचं नाव मला वासानंच कळायचं:
हे तेल थंड मुलखातलं, दाट,
हे आपल्याच कारखान्यातलं,
बनियनवर पडलं की बायकोच्या शिव्या.

आधी वाळू. मग टाकीतलं पाणी, घड्याळ लावून.
मग दीड मीटरवरून काँक्रीटवर टाकायची, सहाही अंगांनी.
प्रत्येक आपटीला माझ्या पोटात
पाळण्यातनं पोर पडल्यासारखं.

मग चिखल.
चिखलाची व्याख्या दिल्लीहून टाईप होऊन आलेली:
इतकी माती, इतकं पाणी, इतकी मिनिटं ढवळणे.
नाईक भरमा तुडयेकर हसला.
"साहेब, हा कागदातला चिखल.
आमच्या जांबोटीच्या वाटेवरची तांबडी माती आणू काय?
ती धुतली तर हातावर राहती,
नाही धुतली तर बंदुकीत."
मेजर साहेब मदुराईचे, हळू बोलणारे. म्हणाले, आणा.
दोन बादल्या आल्या.

ब अकराव्या गोळीला थांबली.
ड थांबली नाही, पण खटका दाबायला दोन बोटं लागली.
पाचवीतनं तांबडं पाणी गळत राहिलं, बाकी काही नाही.
क मात्र तीसच्या तीस शिंकली
आणि गप्प, शहाण्यासारखी.
सगळ्यांनी क कडं बघितलं.
मी भरमाकडं.

भरमा डावखुरा.
पलटणीनं त्याला उजव्या खांद्यावर आणलं होतं.
खांदा आला, डोळा आला नाही.
त्या दिवशी घाईत त्यानं क डाव्या गालाला लावली,
आणि रिकामी पुंगळी, तापलेली,
तुरीच्या दाण्याएवढा डाग ठेवून गेली.
तो ओरडला नाही. उरलेल्या गोळ्या मारल्या,
टार्गेटवर मुठीएवढी जागा फाडली.

फॉर्मवर अचूकतेला गुण, वजनाला गुण,
उघडून जोडायला किती सेकंद, त्याला गुण.
गालाला रकाना नव्हता.
खाली 'शेरा', दोन ओळींपुरती जागा.
मी लिहिलं: डावखुऱ्याच्या तोंडावर पुंगळी येते.
असे जवान प्रत्येक कंपनीत आहेत.
साहेबांनी वाचलं, सही केली.
"राइट, हवालदार," म्हणाले.
"पण जिंकली क च."

क आली नाही.
किमतीवर अडली म्हणे. मग गोळीचाच व्यास बदलायचा ठरलं,
म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, वाळूपासून.
मी पेन्शनीत गेलो.
स्टेशनावर बेळगाव होतं त्याचं बेळगावी झालं,
पाटी रंगली, फाईल तिथंच.
मधल्या काळात पोरं जुनीच घेऊन वर गेली,
जिचा दट्ट्या थंडीत अडकतो
हे मी तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं होतं.

परवा मार्केट यार्डात भरमा भेटला.
रताळ्यांचा ढीग, तराजू डाव्या हातात.
पेपरात नव्या रायफलीचा फोटो होता, सरळ घडी न पडलेला.
पाचांतली एकही नव्हे ही.
मी चष्मा लावला. त्यानं बोट ठेवलं.
"खिडकी कुठं हाय?"
"उजवीकडं."
"म्हंजे आमच्याच थोबाडाकडं की."
"थांब," मी म्हटलं. "खिडकीमागं उंचवटा बघ बारका,
पुंगळी पुढं ढकलायला."

तो बारका उंचवटा
माझ्या दोन ओळींनी आला,
की कुठल्या परक्या मुलखातला कुणी डावखुरा
आमच्या आधीच ओरडून बसला होता?
मला माहीत नाही. कळवायची पद्धत नाही.

भरमानं गाल खाजवला, डाग आता दाढीत गेलाय.
"किती देऊ?" म्हणाला.
"दोन किलो."
दोन किलो झाल्यावर वर एक रताळं ठेवलं,
तांबड्या मातीसकट.